शकुंतला, एस.टी. आणि दारातली मोटार

गेल्या दिवाळीत आमच्या यवतमाळच्या घरी फराळाआधी एक परिषद भरली. अध्यक्षस्थानी आई, वय वर्षे ऐंशी. ठराव मांडणारे चिरंजीव, अनुमोदन सूनबाईंचे. विषय : मोटार घ्यावी की घेऊ नये? सौ. तटस्थ होत्या, म्हणजे निकाल त्यांच्याच हाती होता! मी जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. कागद-पेन्सिल घेऊन आकडे मांडू लागलो.

"कायचा हिशेब करून राहिला रे?" आई म्हणाली. "माणूस हिशेबानं थोडाच जातो? जी गाडी समोर येते तिच्यात बसतो."

मी हसण्यावारी नेले. पण रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या ध्यानात आले, की म्हातारी खरे बोलली. आणि कोणती गाडी समोर यायची, हे आमच्या तीन पिढ्यांसाठी आधी सरकारदरबारी ठरले होते.

आईचे माहेर कारंजा. नवी नवरी म्हणून ती यवतमाळला आली ती 'शकुंतले'त बसून. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची छोटी रेल्वे किलिक निक्सन या विलायती कंपनीने वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी घातली. कापसाच्या जोडीला माणसेही जात. स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारजमा झाल्या, ही मात्र कंपनीच्याच मालकीची राहिली. मालक एक, चालवणारा दुसरा! अशा घराची कौले कोण शाकारणार? १९२१ साली मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनाने तिला १९९४ पर्यंत ओढले. पुढे डिझेल इंजिन आले, आणि मागील दशकात गाडीच थांबली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गावर २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरू झाली. पण कारंज्याची वाट ती नव्हे.

माझे बालपण एस.टी.त गेले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर पहिली एस.टी. धावली. पुढे सरकारने गावोगावची प्रवासी वाहतूक महामंडळासाठी राखून ठेवली. इकडे मोटारीच्या कारखान्यांना परवान्याचे कुलूप. घ्यायची तर अँबॅसडर नाही तर फियाट, तीही नंबर लावून वाट पाहायची. आमचे वडील एस.टी.ने जात, ते काही तत्त्व म्हणून नव्हे! डिसेंबर १९८३ मध्ये मारुती रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गाला ते दार किलकिले झाले.

आणि आज? २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. मोफत, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. आमच्या घरातून कारंज्याला निघाले, की आई फुकट, सौ. अर्ध्या तिकिटात, आणि पुऱ्या तिकिटाचा धनी मी एकटा. सरकारचा हा एक हात. दुसऱ्या हाताने एस.टी.च्या तिकिटावर वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर घेतला गेला. २०२५ च्या जानेवारीत एस.टी.चे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात लहान मोटारींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. एक हात म्हणतो, "बाई, एस.टी.त बसा." दुसरा म्हणतो, "साहेब, मोटार घ्या."

पण सूनबाईंची अडचण तिकिटाची नव्हतीच. त्या आडवळणाच्या गावी शिक्षिका. शाळा सुटण्याची वेळ आणि परतीच्या गाडीची वेळ यांची पत्रिका काही जुळत नव्हती. संध्याकाळी त्या फाट्यावर उभ्या, आणि घरी आमचा जीव टांगणीला. सवलत तिकिटाला मिळते हो, फेरीला नाही! अर्ध्या पैशांत बसायचे, पण कशात?

सिंगापुरात १९९० पासून मोटार घेण्याआधी लिलावात बोली लावून दहा वर्षांचा परवाना मिळवावा लागतो. पण तिथल्या सरकारने जोडीला आगगाड्यांचे आणि बसचे दाट जाळेही विणले. नुसती मोटार महाग करून भागत नाही, तसे नुसते तिकीट स्वस्त करूनही भागत नाही. फाट्यावर वेळेवर गाडी यावी लागते, तीही दररोज.

ठराव अर्थातच मंजूर झाला. पाडव्याला मोटार दारात आली. आईने तिला कुंकू लावले, चाकाखाली लिंबू ठेवले. सूनबाईंच्या चेहऱ्यावरचा सुटकेचा भाव पाहून माझी पेन्सिल आपोआप खिशात गेली.

भाऊबीजेला आई कारंज्याला निघाली. चिरंजीव किल्ली नाचवत म्हणाले, "आजी, आता आपली गाडी आहे की!"

"राहू दे," ती म्हणाली. "सूनबाईची अडचण होती, तिनं घेतली. पण आपण सगळेच मोटारीत बसलो, तर फाट्यावरच्या बाकीच्यांसाठी एस.टी. कशाला येईल?"

आणि तिची पिशवी घेऊन मी मुकाट्याने स्टँडची वाट धरली. पुरे तिकीट काढायला कोणी तरी हवेच होते.