पुरून उरणे : एका ग्रीक शब्दाचा शोध

ग्रीक मी कोणत्याही विद्यापीठात शिकलो नाही. चाळिशी उलटल्यावर एक जुने व्याकरण आणि एक शब्दकोश समोर ठेवून, नोकरी सांभाळून, पहाटे तासभर अक्षरे गिरवली. साहजिकच चुकाही माझ्या मीच केल्या. त्यांतल्या एका चुकीतून हा लेख निघाला आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की, आपण जीवन देण्यासाठी आलो आहोत. त्या जीवनाबद्दल तिथे 'पेरिस्सोन' असा शब्द येतो. मराठीत त्यासाठी 'विपुल' रुळला आहे. मी त्याचा अर्थ सरळ 'समृद्धी' असा घेत आलो आणि एका व्याख्यानात तसे ठामपणे सांगूनही बसलो. व्याख्यान संपल्यावर एक निवृत्त गणित-शिक्षक जवळ आले. म्हणाले, "अहो, युक्लिडकडे हा शब्द विषम संख्येसाठी आहे ना? मग विषम संख्या समृद्ध कशी?" मला उत्तर देता आले नाही.

घरी येऊन पाहिले, तर गुरुजींचे बरोबर होते. युक्लिडच्या 'मूलतत्त्वे' या ग्रंथाच्या सातव्या पुस्तकात सम संख्येला 'आर्तिओस' आणि विषम संख्येला 'पेरिस्सोस' म्हटले आहे. सगळ्यांच्या जोड्या लागल्यावर जो एक उरतो, तो पेरिस्सोस. म्हणजे या शब्दाच्या पोटात केवळ 'पुष्कळ' नाही; हिशेब पुरा झाल्यावर राहिलेली बाकी आहे.

हे ध्यानात आल्यावर नवा करार पुन्हा वाचायला घेतला. पाच भाकरी आणि दोन मासे यांच्या गोष्टीत सगळे जेवून तृप्त होतात आणि मग उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरतात. मत्तयाने त्या उरलेल्यासाठी याच धातूचे रूप वापरले आहे. मार्काच्या आठव्या अध्यायात सात भाकरींची गोष्ट आहे. तिथल्या सात टोपल्यांतले तुकडेही 'पेरिस्सेउमा'च. इथला क्रम महत्त्वाचा आहे : आधी सर्वांना पुरले, मग उरले. कोणी उपाशी असताना टोपल्या भरल्या असत्या, तर त्याला साठा म्हणावे लागले असते.

शब्दाला दुसरी बाजूही आहे. करिंथकरांना पाठवलेल्या दुसऱ्या पत्रात, मदतीविषयी तुम्हाला लिहिणे माझ्याकडून 'पेरिस्सोन' आहे, असे पौल म्हणतो. तिथे अर्थ 'अनावश्यक' असा होतो. सीमेपलीकडचे ते सगळेच चांगले, असे ग्रीक मानत नाही.

मग उरणे मोजायचे कशावरून? मार्काच्या बाराव्या अध्यायात श्रीमंत लोक मंदिराच्या दानपेटीत आपल्या उरलेल्यातून टाकतात. एक विधवा आपल्या तुटीतून दोन लहान नाणी टाकते. येशूच्या हिशेबात तिचेच दान सर्वांत मोठे ठरते. पौल याहून पुढे जातो. यरुशलेममधल्या गरजूंसाठी तो वर्गणी गोळा करत होता. मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतःच हलाखीत होत्या. तरी त्यांचे घोर दारिद्र्य औदार्यात ओसंडले, असे तो लिहितो. ओसंडण्यासाठी क्रियापद हेच : 'पेरिस्सेउओ'. समृद्धी हाच अर्थ धरला, तर हे वाक्य निरर्थक होते. दारिद्र्य समृद्ध कसे होणार? पण ते एखाद्याला पुरून उरू शकते.

इथे माझी गाठ सुटली. 'पुरून उरणे' हा वाक्प्रचार आपल्या स्वयंपाकघरात रोज वापरला जातो. लग्नघरी जेवणावळी उठल्यावर "सगळ्यांना पुरून उरलं हो," असे कुणी म्हणते, तेव्हा त्या सुस्काऱ्यात या ग्रीक धातूचा पूर्ण अर्थ असतो. शिवाय मराठीत माणूसही दुसऱ्याला पुरून उरतो, म्हणजे त्याला भारी पडतो. रोमकरांना पाठवलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात नेमकी हीच छटा दिसते. पाप वाढले, हे सांगताना पौल 'प्लेओनाझो' हे साधे वाढण्याचे क्रियापद वापरतो. कृपेसाठी मात्र 'पेरिस्सेउओ'लाच 'हुपेर' हा उपसर्ग लावतो. पाप वाढले, पण कृपा त्याला पुरून उरली.

घरगुती शब्द धर्मग्रंथाला शोभेल का, अशी शंका कुणी घेईल. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणले, ते सामान्य बायाबापड्यांना कळावे म्हणून. त्यामुळे मला हा संकोच वाटत नाही.

भाषांतरातला हा फरक किरकोळ नाही. 'समृद्धी' विचारते, किती आहे? 'पुरून उरणे' विचारते, आधी कोणाकोणाला पुरले, आणि उरलेले कुठे गेले? पौलाचे उत्तर स्पष्ट आहे : तुमचे उरलेले त्यांच्या तुटीला जावे, म्हणजे समानता येईल.

त्या व्याख्यानात मी श्रोत्यांना पहिलाच प्रश्न शिकवला होता. हा लेख म्हणजे त्याची दुरुस्ती.