एक सेंटिमीटर म्हणजे किती किलो?

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरने विचारलं, "प्रयोगाची मांडणी ठरवताना काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे कळतं कसं?" उत्तर देता देता मी होड्यांवर घसरले. म्हणून आज होड्यांबद्दलच लिहिते. घाबरू नका, गणित शाळेतलंच आहे.

समजा, तुम्ही स्वतःच्या हाताने एक छोटी शिडाची होडी बांधताय. लांबी सात-साडेसात मीटर. तिच्यात दोन माणसांनी महिनोन्‌महिने राहायचं, समुद्र ओलांडायचा. झोपायला जागा हवी, ओटा हवा, पाणी, दिवे, जमलं तर फ्रिज, जमलं तर संडास-बाथरूम. यातलं काय बसेल? आपण सगळेच पहिल्यांदा टेप घेऊन जागा मोजायला लागतो. पण जागेची अडचण निदान डोळ्यांना दिसते. वजन, वीज आणि ओलावा दिसत नाहीत, आणि घात तेच करतात.

खरं उदाहरण घेऊ. लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्याची 'सेराफिन'. आराखडा लाइल हेस यांचा, बांधणी कॅलिफोर्नियात लॅरी यांच्या हातची. १९६८ साली ती पाण्यात उतरली. लांबी साधारण ७.४ मीटर, रुंदी २.७. इंजिन नाहीच, आणि दिवे रॉकेलचे. या होडीतून दोघांनी पुढची सुमारे अकरा वर्षं घालवत पृथ्वीप्रदक्षिणा केली. काही जण याला हौशी साधेपणा म्हणतात. मला तो हिशोब वाटतो.

हिशोब असा. एवढ्या आकाराची होडी पाण्याच्या रेषेवर आडवी कापली असं समजा. त्या कापाचं क्षेत्रफळ ढोबळमानाने ६.७ गुणिले २.६ गुणिले ०.७, म्हणजे सुमारे १२ चौरस मीटर. (०.७ कशासाठी? होडी काही आयत नाही, दोन्ही टोकांना निमुळती असते, म्हणून.) होडी एक सेंटिमीटर खाली जायला ०.१२ घनमीटर पाणी बाजूला सरावं लागेल. समुद्राचं पाणी घनमीटरला १०२५ किलो. म्हणजे दर सेंटिमीटरला साधारण १२० किलो. दोन माणसं, चाळीस दिवस, माणशी रोज ४ लिटर धरलं तर पाणीच ३२० किलो, म्हणजे पावणेतीन सेंटिमीटर. आता डबाबंद अन्न, नांगर, साखळी, पुस्तकं वाढवत जा. हा एक आकडा हाताशी असला की "एवढंसं काय होतंय" म्हणताना जीभ अडखळते.

माझी अडखळली नव्हती. माझ्या कामात धरणाच्या पाण्यात तापमान मोजणारं एक तरंगतं यंत्र लागतं. अर्ध्या मीटर व्यासाची चकती, वर खांब, खांबावर डबा. अशा चकतीला एक सेंटिमीटर बुडवायला जेमतेम दोन किलो पुरतात. मी मात्र "राहू दे, असलेली बरी" म्हणत जास्तीची अडीच किलोची बॅटरी घेतली आणि ओली होऊ नये म्हणून वरच्या डब्यात ठेवली. सगळं मिळून वजन बारा किलो. बॅटरी तळाऐवजी अर्धा मीटर वर गेली, म्हणजे गुरुत्वमध्य २.५ × ०.५ ÷ १२, सुमारे दहा सेंटिमीटर वर सरकला. प्रयोगशाळेच्या टाकीत यंत्र ऐटीत उभं होतं. धरणावर जुलैच्या वाऱ्यात ते कलत राहिलं आणि जोडणीत पाणी शिरलं. एका पूर्ण पावसाळ्याची अकरा दिवसांची नोंद माझ्या हातात आहे. बाकीसाठी पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावी लागली. पीएचडीत एक पावसाळा म्हणजे काय, ते पीएचडी करणाऱ्यांना विचारा.

होडीतही वजन किती, याइतकंच ते कुठे, हे महत्त्वाचं. सौर पॅनल आणि त्यांची चौकट मिळून ४० किलो, गुरुत्वमध्यापासून दोन मीटर वर. पाच टनांच्या होडीत गुरुत्वमध्य दीड-एक सेंटिमीटर वर जाईल, कुणाला कळणारही नाही. तीच चौकट सव्वा टनाच्या प्लायवूडच्या होडीत साडेसहा सेंटिमीटरचा फरक पाडेल. म्हणून दुसऱ्याच्या होडीतली सोय आपल्या होडीत जशीच्या तशी आणायची नसते. पुढच्या टोकाला, नाळेत, सामान कोंबणं तर आणखी वाईट. होडी लाटेवर पुढे-मागे डोलते तेव्हा अंतराचा वर्ग मोजला जातो. मध्यापासून तीन मीटरवरची ४० किलोंची साखळी डोलण्याच्या बाबतीत एक मीटरवरच्या ३६० किलोंइतकी जड पडते. पाण्याच्या टाक्या मध्यावर आणि तळाशी ठेवतात त्या यासाठी.

आता फ्रिज. छोटा फ्रिज चालू असताना साधारण ५० वॅट घेतो असं धरा. उष्ण प्रदेशात तो निम्मा वेळ चालेल, म्हणजे दिवसाला ६०० वॅट-तास, १२ व्होल्टवर ५० अँपिअर-तास. शिसं-आम्लाची बॅटरी अर्धीच वापरावी, नाहीतर लवकर मरते. म्हणजे एका दिवसासाठी १०० अँपिअर-तासांची बॅटरी, वजन पंचवीस-तीस किलो. १०० वॅटचं पॅनल डेकवर आडवं, त्यावर डोलकाठी आणि शिडाची सावली. दिवसाला ३०० वॅट-तास मिळाले तरी खूप. मग दोन पॅनल फक्त फ्रिजसाठी. दोन दिवस ढग आले तर?

"मग इन्सुलेशन जाड करू!" बरोबर, फोमची जाडी दुप्पट केली की आत शिरणारी उष्णता साधारण निम्मी होते. पण आतून ४० सेंटिमीटरचा घन, म्हणजे ६४ लिटरची पेटी घ्या. ५ सेंटिमीटर फोम लावला तर बाहेरून ती १२५ लिटर जागा खाते, १० सेंटिमीटर लावला तर २१६. विजेची बचत केली, बिल जागेच्या नावावर फाटलं. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण अडचण नाहीशी होत नाही, नुसती खोली बदलते.

ओलाव्याचा विचार बहुतेक जण करतच नाहीत. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला ४० ग्रॅमच्या आसपास पाणी सोडतो. दोघं, आठ तास, बंद केबिन, म्हणजे सहाशे ग्रॅमच्या वर. वर १०० ग्रॅम एलपीजी जाळला की आणखी सुमारे १६० ग्रॅम वाफ. ही सगळी थंड भिंतींवर जमते, गादीखाली मुरते, बुरशी धरते. उपाय जुना आणि स्वस्त आहे. १९३० मध्ये पाण्यात उतरलेल्या 'डोरेड' या नौकेवरून ओळखली जाणारी हवेची पेटी. हवा वरून एका बाजूने आत येते आणि दुसऱ्या नळीतून केबिनमध्ये उतरते. सोबत उडालेलं पाणी पेटीच्या तळाशी पडून भोकांतून डेकवर वाहून जातं. वीज शून्य.

गॅसचं नाव निघालंय तर हेही ऐका. एलपीजी हवेपेक्षा जड. घरात गळला तर खिडकी-दारातून जाऊ तरी शकतो. होडीला खाली दारच नाही, तो तळात साचतो आणि ठिणगीची वाट पाहतो. म्हणून सिलिंडर केबिनपासून बंद असलेल्या वेगळ्या कप्प्यात ठेवतात, ज्याच्या तळातून थेट होडीबाहेर जाणारी नळी असते. इथे तडजोड करायची नाही.

पार्डींची दुसरी होडी 'टालेसिन', १९८३ ची, तीही हातची आणि बिनइंजिनाची. तिच्यात बसून आंघोळ करता येईल असा टब होता! रॉकेलच्या दिव्यांवर राहिलेल्या माणसांकडे टब. वजनाच्या रकान्यात ४० लिटर पाणी म्हणजे काहीच नाही, विजेच्या रकान्यात शून्य, आणि इंजिन नसल्याने जागेचं गणितच वेगळं. महाग पडतो तो एकाच रकान्यात. ४० लिटर म्हणजे दोघांचं पाच दिवसांचं पिण्या-रांधण्याचं पाणी. बंदरात तो रकाना मोकळा, भर समुद्रात भरलेला. म्हणून तुमच्या मांडणीतल्या प्रत्येक वस्तूसमोर सगळे रकाने भरा. 'चैन' कोणती आणि 'गरज' कोणती, हे आधी ठरवून बसू नका.

राहिला संडास. पंपाच्या संडासाला होडीच्या अंगाला पाण्याच्या रेषेखाली सहसा दोन भोकं पाडावी लागतात, एक समुद्राचं पाणी आत घ्यायला, एक बाहेर सोडायला. दोन्हींवर झडपा, आणि त्या आयुष्यभर तपासत राहायच्या. पार्डी बादली वापरायचे.