टेकवा, थांबा, हं!

संध्याकाळची भरलेली बस. पन्नाशी उलटलेले कंडक्टरकाका, खांद्याला चामडी बॅग, हातात तिकिटाचं नवं मशीन. कॉलेजातल्या एका पोराने कार्ड त्यावरून सर्रकन फिरवलं आणि तो पुढे सरकायला लागला. मशीन चिरकलं. ‘‘काडेपेटीवर काडी ओढतोस का रे? टेकव, थांब, हं... आता घे.’’

पुढच्या तीन थांब्यांत हेच मी निदान दहा वेळा ऐकलं. कार्ड कसं चालतं याचं याहून नेमकं वर्णन माझ्या वाचनात नाही.

कार्डात बॅटरी नसते. प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये तारेची वेटोळी आणि ज्वारीच्या दाण्याएवढी चिप, एवढाच संसार. मशीनमधल्या वेटोळ्यातून सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार आवर्तनं घेणारा प्रवाह वाहतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र कार्डातल्या वेटोळ्यात वीज उभी करतं आणि तेवढ्यावर चिप जागी होते. फॅरडेने १८३१ साली लंडनमध्ये हेच तत्त्व दाखवलं होतं. त्याच लंडनच्या प्रवाशांच्या हाती २००३ मध्ये ‘ऑयस्टर’ कार्ड आलं. (हाँगकाँगचं ‘ऑक्टोपस’ त्याही आधीचं, १९९७चं.)

जागी झालेली चिप बोलते कशी? ती स्वतः काही पाठवत नाही, फक्त आपला भार कमीजास्त करते. विहिरीतून पाणी शेंदताना घागर पाण्याला टेकली, भरली, की वर दोर धरलेल्या हाताला न बघता कळतं ना, तसं मशीनला ते कळतं. पण हा दोर फार आखूड. वेटोळ्यापासून जरा लांब गेलं की अंतर दुप्पट होताच क्षेत्र जेमतेम आठव्या हिश्शावर येतं. म्हणून ‘टेकवा’. पाकिटात दोन कार्डं शेजारी असली तर दोन्ही एकदम उत्तर देतात आणि मशीन गोंधळतं. म्हणून ‘पाकिटासकट नको’.

आणि ‘थांबा’? त्या अर्ध्या सेकंदात मशीन आणि कार्ड आधी एकमेकांची ओळख पटवतात, मग शिल्लक वाचली जाते, भाडं वजा होऊन नवा आकडा चिपमध्ये लिहिला जातो. लिहिता लिहिता कार्ड उचललं तर चिपची वीजच जाते. अर्धवट आकडा राहू नये म्हणून नवी नोंद वेगळ्या जागी पूर्ण करायची आणि मगच जुनी रद्द करायची, अशी सोय चिपमध्ये असते. तरी एक फट उरतेच: कार्डात पैसे वजा झाले, पण ‘झालं’ हा निरोप मशीनपर्यंत पोहोचायच्या आत कार्ड निघालं. मग प्रवासी म्हणतो पैसे गेले, मशीन म्हणतं तिकीट नाही, आणि मध्ये कंडक्टर. चांगल्या प्रणालीत तेच कार्ड पुन्हा टेकवलं की मशीन शेवटची नोंद वाचून व्यवहार पुरा करतं. दुसरं कार्ड काढायला लावलं तर घोळ वाढतो. हे ज्या कंडक्टरला कुणी नीट समजावून सांगितलं त्याचा दिवस बरा जातो. नुसतं ‘हे हिरवं बटण’ एवढंच शिकवलेल्याचा भांडणात जातो.

मार्च २०१९ मध्ये देशात ‘एक देश, एक कार्ड’ म्हणून जे कार्ड आलं त्यात थोडी रक्कम चिपमध्येच ठेवता येते. घाटात रेंज नसली तरी तिकीट निघतं. मशीन हिशोब साठवून ठेवतं आणि नंतर वर कळवतं. तिकिटांच्या हिशोबाचं जुनं वेबिल दिवसभर हातात वागवून रात्री डेपोत जमा व्हायचं, त्याचीच ही पुढची पिढी.

कंडक्टरची खरी अडचण मला वाटते ती डोळ्यांची. पूर्वी ट्रेमधली कागदी तिकिटं न बघता अंगठ्याने निघायची. रंग आणि कप्पा हाताला पाठ होता. एका हातात तिकीट, दुसऱ्यात ते टोचायचा चिमटा, नजर मात्र दारावर. सवयीने हाताला येणारं कौशल्य मेंदूत आठवणींपेक्षा निराळ्या ठिकाणी मुरतं, आणि नवं शिकलं म्हणून पुसलं जात नाही. उलट नव्याच्या आड येत राहतं. काचेच्या सपाट पडद्यावर अंगठ्याला खाचखळगा लागत नाही, त्यामुळे नजर खाली जाते आणि दार सुटतं. सगळे तरुण पटकन शिकतात आणि जुने रडतात, असं मला तरी दिसलं नाही. काकांनी मशीनच्या कडेला रबर बँड गुंडाळलाय. बोट तिथे अडलं की कार्ड टेकवायची जागा कळते, बघावं लागत नाही.

मागच्या सीटवर एक आजी कार्ड मुठीत घट्ट धरून बसल्या होत्या. काकांनी मशीनच त्यांच्या मुठीखाली धरलं. ‘‘सोडू नका आजी, राहू द्या. हं.’’

मग पुढे जाताना त्यांनी खिशातलं नाणं काढून दांडीवर वाजवलं, टिक टिक. चिमटा जाऊन किती दिवस झाले कोण जाणे. सगळ्या बसचे हात खिशात गेले.