थेंब सायकलच्याही पुढे धावतो!

काय दोस्त, पावसात सायकल दामटली आहेस ना? मग तुझ्या पाठीवर चिखलाची उभी रेघ नक्कीच उमटली असेल. अगदी मानेपर्यंत!

चिखल तर रस्त्यावर. तो पाठीवर चढला कसा?

ओली छत्री गरागरा फिरवून बघ. थेंब कडेवरून सुटतात आणि सुसाट सरळ उडतात. ओलं चाकही हेच करतं!

आता एक कोडं. सायकल ताशी १५ किलोमीटर वेगाने चालली आहे. चाकाचा अगदी वरचा बिंदू किती वेगाने पुढे जातोय? १५? चूक! तब्बल ३०!

आणि जमिनीला टेकलेला बिंदू? शून्य! हो, धावत्या सायकलचा टायर जिथे रस्त्याला टेकतो, तिथे तो त्या क्षणी चक्क थांबलेला असतो! वर काय होतं, चाकाचं फिरणं आणि सायकलचं पुढे जाणं यांची बेरीज होते. खाली होते वजाबाकी.

म्हणून पुढच्या चाकाच्या माथ्यावरून सुटलेला थेंब सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे झेपावतो. मग हवा त्याला अडवते. तो मंदावतो. तेवढ्यात मागून आपण येतो आणि त्यालाच धडकतो! आपल्याच चाकाचा चिखल, आपल्याच नाकावर!

तेव्हा जुलैत कोकणात सायकलने भटकायचं, तर मडगार्ड हवंच. तेही टायरपेक्षा रुंद. टायर ३७ मिलिमीटरचा असेल तर मडगार्ड साधारण ४५चं. आणि दोघांमध्ये बोटभर फट हवी. नाहीतर लाल चिखल अडकून चाकच जाम! पुढच्या मडगार्डच्या टोकाला खाली लोंबणारा रबरी फ्लॅपही लाव. दिसतो अगदी फालतू, पण बूट आणि चेन तोच वाचवतो. माझा सगळ्यांत लाडका भाग!

पण ३७चा टायर ओळखायचा कसा? त्याच्या बाजूवर लिहिलेलं असतं: ३७-६२२. पहिला आकडा रुंदीचा. दुसरा आकडा, टायर रिमवर जिथे बसतो त्या गोलाचा व्यास. दोन्ही मिलिमीटरमध्ये.

आता गंमत ऐक! २९ इंची म्हणून विकला जाणारा टायर ६२२चा. २८ इंची म्हणून मिळणारे बरेच टायरही ६२२चेच! आणि आजोबांच्या काळ्या उंच सायकलचा २८ इंची टायर? तो मात्र ६३५चा! आहे की नाही घोळ? म्हणून इंच विसर, मिलिमीटर वाच.

आणि टायरवर खोल नक्षी हवी का? डांबरी रस्त्यावर मुळीच नको, भर पावसातसुद्धा! हिशोब कर. एका चाकावर ४० किलो भार, टायरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला ४ किलो दाब. म्हणजे टायर रस्त्याला टेकतो फक्त १० चौरस सेंटीमीटर. काडेपेटीपेक्षाही कमी! एवढा अरुंद, गोलसर टायर पाणी सहज बाजूला सारतो. मोटारीचा टायर रुंद, चपटा आणि वेगवान. तो पाण्यावर तरंगू शकतो, म्हणून त्याला खाचा लागतात. कच्च्या वाटेवर मात्र आपल्यालाही नक्षी हवी. ती मातीत रुतून पकड घेते.

दुकानात जाशील तेव्हा आधी टायरवरचे आकडे वाच. मग मडगार्डखाली बोट घालून फट तपास. पण चाक थांबलेलं असतानाच हं!