हत्यार कोणाचे?

फिटरच्या हाती दुसऱ्याची कानस देऊन पाहा. तो ती आधी तोलून पाहील, मग नाक मुरडील. धंदेवाईक टेनिसपटूही ह्याच जातीचा आहे, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले. श्रीमंतांचा खेळ, कंपनीने रॅकेट द्यावी आणि ह्याने मिरवावी, एवढीच आमची समजूत होती.

अमेरिकेच्या पीट सॅम्प्रसने 1990 ते 2002 या काळात मोठ्या स्पर्धांत एकेरीची 14 विजेतेपदे मिळविली, ती एकाच नमुन्याच्या रॅकेटने. तिचे तोंड अवघे 85 चौरस इंचांचे. तीवर शिशाच्या पट्ट्या चिकटवून तो वजन 400 ग्रॅमच्या घरात नेई. शिवाय ती सेंट व्हिन्सेंट बेटावरील कारखान्यातच तयार झालेली हवी! तेथील काम थांबल्यावरही तो तोच जुना माल धरून राहिला. बेटावरच्या ज्या हातांनी त्या चौकटी घडविल्या, त्यांची नावे मात्र कोणी विचारीत नाही. असो.

हा हट्ट का? चेंडू तारांवर टिकतो तो सेकंदाचा सुमारे दोनशेवा भाग. तेवढ्यात विचार करावयास सवड नसते. सारे काम हाताच्या सवयीचे. वजन थोडे बदलले की फटका आधी तरी पडतो किंवा उशिरा तरी.

पण सवय घातही करते. मोठ्या तोंडाच्या रॅकेटीत फटका थोडा चुकला तरी चेंडू निभावून जातो. स्वीडनचा ब्यॉर्न बोर्ग 1991 साली मोंटे कार्लोला लाकडी रॅकेट घेऊन परतला आणि पहिल्याच सामन्यात सरळ हरला. सॅम्प्रसला फ्रेंच स्पर्धा कधीच जिंकता आली नाही. मोठी रॅकेट वापरून पाहावयास हवी होती, असे त्याने पुढे स्वतःच कबूल केले. रॉजर फेडररने मात्र 2013 साली मोठी रॅकेट हाती घेतली, जमेना म्हणून टाकली, आणि 2014 साली 90 चौरस इंचांवरून कायमचा 97 वर गेला. 2017 साली पस्तिशी उलटल्यावर तो ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकला. सगळे श्रेय रॅकेटीचे नव्हे, पण काही निश्चित.

आता कंपनीची बाजू. तिला दर दोन-तीन वर्षांनी नवा नमुना खपवावयाचा असतो आणि खेळाडूला तर जुनीच चौकट हवी. तडजोड अशी निघते की जुन्या चौकटीला नव्या नमुन्याचा रंग द्यावयाचा. ह्या धंद्यात त्याला सरळ 'पेंट जॉब' म्हणतात. खेळाडूला आम्ही दोष देणार नाही. त्याने आपले हत्यार राखले. परंतु पडद्यावर ती रॅकेट पाहून जो पोरगा बापाला दुकानात ओढून नेतो, त्याच्या पदरात रंग तेवढा तोच पडतो. त्याने आधी चार दिवस कोणाची तरी मागून घेऊन खेळून पाहावे, आणि मग बापाच्या खिशाला हात घालावा.