ओटीपी दिला नाही, तरी पैसे जातात

राहुरी असो, नेवासा असो की शेवगाव, कुणाच्या खात्यातून पैसे गेले की पारावरचा निवाडा ठरलेला: ‘ओटीपी दिला असणार, आता कबूल करत नाही.’ ज्याची कांद्याची पट्टी चोरीला गेली, त्यालाच आपण खोटारडा ठरवतो. हे आता थांबलं पाहिजे, कारण ओटीपी तोंडाने सांगावाच लागत नाही.

गावच्या ग्रुपवर ‘पीएम किसान’ किंवा ‘आरटीओ चलान’ नावाची फाइल येते. नावाच्या शेवटी डॉट एपीके असतं. ते पत्रक नसतं, फोटो नसतो, अख्खं ॲप असतं. ते टाकताना फोन बजावतो की हे अनोळखी ठिकाणचं आहे. मग ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतं. दोन हजारांचा हप्ता अडकेल या धास्तीने माणूस ‘अलाऊ’ दाबतो. तिथून पुढे बँकेचा ओटीपी आला की थेट चोराकडे जातो, मालकाला पत्ताही लागत नाही. पुष्कळदा तीच फाइल त्याच्या व्हॉट्सॲपवरून इतर ग्रुपांतही जाते. त्यामुळे ‘सरपंचांनी पाठवली म्हणजे खरी’ हेही चूक आणि ‘सरपंचांनीच फसवलं’ हेही चूक.

‘शिकलेला माणूस फसत नाही’ म्हणणाऱ्यांनी पुण्याची कॉसमॉस बँक आठवावी. 11 आणि 13 ऑगस्ट 2018 ला बँकेचे सुमारे 94 कोटी रुपये गेले. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी मालवेअरच्या जोरावर आपली नकली यंत्रणा बसवली आणि 28 देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले. कुणा खातेदाराला ओटीपी विचारायची गरजच पडली नाही. तिथे तर अख्खा संगणक विभाग होता. आपण मात्र दोन एकरवाल्याला अक्कल शिकवतो.

‘मी हॅकिंग केलं नाही, नुसतं खातं वापरायला दिलं’ हाही कांगावाच. कॉसमॉस प्रकरणात 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना शिक्षा सुनावली. त्यांनी मालवेअर लिहिलं नव्हतं, बनावट कार्डांनी पैसे काढण्याच्या कटात ते होते. तसंच चोरीचा पैसा फिरवायला जो जाणूनबुजून खातं देतो, तोही चोराचा साथीदारच.

‘गंमत म्हणून व्हायरस पाठवला’? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 खाली अप्रामाणिक हेतूने असं केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

‘डीएनडी लावलं की फसवे मेसेज बंद’? दूरसंचार नियामक ट्रायचे डीएनडीचे नियम कॉल आणि एसएमएससाठी आहेत, व्हॉट्सॲपला ते लागू नाहीत.

‘फाइल नुसती आली तरी फोन गेला’? नाही. इन्स्टॉल न करता डिलीट करा, विषय संपला.

‘तक्रार करून उपयोग नाही’ हा समज मात्र सगळ्यात महागात पडतो. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला. ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरला, तरी बँकेला कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेने सोसायचं असतं. लोक काय म्हणतील म्हणून माणूस दोन दिवस गप्प बसतो आणि तेवढ्यात पैसे चार खात्यांतून पुढे सरकतात. तेव्हा शेजाऱ्याचे पैसे गेल्याचं कळलं तर उलटतपासणी नको. त्याच्यासोबत बसा, दुसऱ्या फोनवरून आधी 1930 ही सायबर हेल्पलाइन लावा, मग बँकेला कळवा.