हाडाचा जिग

जिग म्हणजे काय, हे गडमुडशिंगीत फारसं समजावून सांगावं लागत नाही. शेजारीच गोकुळ शिरगावची एमआयडीसी. जॉब जिगमध्ये बसला की ड्रिल बुशमधूनच उतरणार आणि भोक जागेवरच पडणार. हाडांच्या शस्त्रक्रियेत थ्रीडी प्रिंटरवर छापलेला ‘गाइड’ वापरतात, तो हाच प्रकार. फक्त कारखान्यातला जिग हजारो नगांसाठी असतो, हा एकाच माणसाच्या एकाच हाडासाठी. एकदा वापरला की काम संपलं.

ही कल्पना तशी जुनी. हाउन्सफील्डच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन निघाला 1971 साली, चक हलला थ्रीडी प्रिंटिंगचं पेटंट मिळालं 1986 मध्ये. त्या दोन्हींची गाठ पडायचीच होती.

गाइडचा खरा कस लागतो तो वाकड्या जुळलेल्या हाडावर. लहानपणी पडून कोपराच्या वर हाड मोडलं, कुणीतरी ओढून पट्टी बांधली, हाड जुळलं. पण हात कोपरातून आत वळला तो वळलाच. अशा वेळी दोन्ही हातांचा स्कॅन काढतात. मिलीमीटरभर किंवा त्याहूनही पातळ कापांतून संगणकावर हाडं उभी राहतात. चांगल्या हाताचं हाड उजव्याचं डावं करून वाकड्या हाडावर ठेवलं, की फरक अंशांत मोजता येतो. पाचर केवढी काढायची, स्क्रू किती लांबीचे, हे सगळं सुरी हातात घेण्याआधीच ठरतं.

गाइडची आतली बाजू त्या हाडाच्या उंचवट्या-खळग्यांचा ठसा असते. गुळगुळीत, गोल भागावर तो सरकतो, म्हणून आखणी करणारा एखादा ठळक उंचवटा शोधतो. गाइडच्या नळ्यांतून तारा जातात, खाचेतून करवत. हाडाला चिकटलेलं मांस नीट सोडवलं नसेल तर गाइड तिरका बसतो, आणि मग चूकसुद्धा अगदी बिनचूक होते! प्लास्टिकही वाटेल ते चालत नाही. स्वस्तातलं पीएलए साधारण 60 अंशांनाच मऊ पडतं आणि ऑटोक्लेव्ह चालतो 121 किंवा 134 अंशांवर. म्हणून नायलॉन किंवा खास वैद्यकीय रेझिन.

वाकडं हाड सरळ करायची दुसरी वाट म्हणजे हाताપायाभोवती बाहेरून बसवायच्या इलिझारोव्ह रिंगा; मिरजेच्या डॉ. जी. एस. कुलकर्णींचं नाव त्यांच्याशी जोडलेलं आहे. त्या पद्धतीत हाड दिवसाला 1 मिलीमीटर, तेही पाव-पाव करून सरकवतात. आज कमी-जास्त झालं तर उद्या सावरता येतं. गाइडने एका फटक्यात कापलेल्या हाडाला ही सवलत नाही, त्यामुळे आखणी तपासायला सर्जन स्वतः संगणकासमोर बसलेला बरा.

मांडीचं हाड मधोमध साधं मोडलं असेल तर रॉड पुरतो. तिथं गाइडचा खर्च कशाला? खुब्याची वाटी फुटली असेल तर मात्र गाइडशिवाय नुसतं मॉडेल छापून, त्यावर प्लेट आधीच वाकवून ठेवली, तरी टेबलावरचा वेळ वाचतो.